पत्ता साताऱ्याचा, उपचार ठाण्यात : झोननिहाय सहभागाचे एक प्रकरण

आरोग्य विम्याची पॉलिसी आपल्या गावाबाहेर चालते का, असे विचारले की विमा प्रतिनिधी बहुधा ‘भारतात कुठेही चालते’ असे सांगतो आणि ते खरेही असते. गावाबाहेर पॉलिसी चालते. मात्र ती गावात जशी चालते तशीच बाहेर चालेल असे नाही, आणि हा फरक बहुतेकांना कळतो तो रुग्णालयातून निघताना हाती पडलेल्या अंतिम बिलावर. पुढील प्रकरण हा फरक नेमका कुठून येतो हे दाखवण्यासाठी रचलेले आहे. त्यातील आकडे हिशेब सहज समजावा म्हणून गोल घेतले आहेत. नियम आणि अटी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकाने जून २०१९ मध्ये स्वतःसाठी आणि पत्नीसाठी पाच लाख रुपयांची एकत्रित पॉलिसी घेतली. प्रस्ताव अर्जावर पत्ता साताऱ्याचा होता आणि उपचारांच्या खर्चानुसार कंपनीने केलेल्या शहरांच्या वर्गवारीत सातारा तिसऱ्या गटात, म्हणजे तिसऱ्या झोनमध्ये, येत असल्याने हप्ताही तिसऱ्या झोनचा लागला. मुंबई-ठाण्याच्या रहिवाशाला त्याच पॉलिसीसाठी वर्षाला सुमारे साडेचार हजार रुपये जास्त पडले असते. हप्ते दरवर्षी वेळेवर भरले गेले आणि एकही दावा झाला नाही. पुढे मुलगा नोकरीनिमित्त ठाण्यात स्थायिक झाला. नातवंडाच्या जन्मानंतर ऑगस्ट २०२४ पासून पती-पत्नी बराच काळ ठाण्यातच राहू लागले; घर, रेशनकार्ड, मतदान आणि पॉलिसीवरचा पत्ता मात्र साताऱ्यातच राहिला.

जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री साडेअकराच्या सुमारास शिक्षकांच्या छातीत कळ आली. जवळचे मोठे रुग्णालय कंपनीच्या यादीतले होते. हृदयविकाराचा झटका असल्याचे निदान होऊन त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली आणि दोन स्टेंट बसवण्यात आले. एक दिवस अतिदक्षता विभागात आणि तीन दिवस खोलीत काढल्यावर त्यांना घरी सोडण्यात आले.

बिल २,८०,००० रुपयांचे झाले आणि कंपनीने कॅशलेस मंजूर केले १,४०,०००. उरलेले निम्मे पैसे मुलाने काउंटरवर कार्डाने भरले.

कागद काय म्हणत होता

कॅशलेसच्या प्रक्रियेत कंपनीकडून दिरंगाई झाली नाही. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या मुख्य परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा लागतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. इथे दोन्ही वेळा पाळल्या गेल्या. मुलाचा राग वेळेवर नव्हताच, तो रकमेवर होता, आणि मंजुरीपत्रातील एका ओळीवर त्याची नजर खिळली : ‘झोननिहाय सहभाग २० टक्के’. आपत्कालीन प्रसंगात जीव वाचवण्यासाठी जवळच्या रुग्णालयात नेले म्हणून दंड कसला, हा त्याचा सवाल होता. त्याच रात्री त्याने कंपनीला जो मेल लिहिला, त्यात ही ओळ तीनदा आली होती.

झोनची कल्पना समजून घेतली तर हा दंड नाही हे लक्षात येते. एकाच उपचाराचा खर्च महानगरात आणि जिल्ह्याच्या गावी सारखा नसतो, म्हणून काही कंपन्या शहरांचे दोन, तीन किंवा अधिक गट करतात आणि राहत्या पत्त्यावरून हप्ता ठरवतात. मुंबई आणि दिल्लीचा परिसर सहसा सर्वांत महागड्या गटात असतो. पुण्यासारखी शहरे एका कंपनीत पहिल्या तर दुसरीत दुसऱ्या गटात सापडतात. स्वस्त गटाचा हप्ता भरणाऱ्याने महागड्या गटातील शहरात उपचार घेतले, तर मान्य रकमेतील ठरावीक टक्के त्याने स्वतः सोसायचे, हा त्या सवलतीचाच दुसरा भाग असतो. या पॉलिसीत एक पायरी वर गेल्यास दहा टक्के आणि दोन पायऱ्या वर गेल्यास वीस टक्के असे प्रमाण होते. साताऱ्याहून ठाण्याला येणे म्हणजे तिसऱ्यातून पहिल्या झोनमध्ये येणे, अर्थात दोन पायऱ्या.

झोन प्रत्येक पॉलिसीत असतातच असे नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांनी एकाच मसुद्यात आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत देशभर एकच दर ठेवला आहे, झोन नाहीत. त्याऐवजी प्रत्येक दाव्यात पाच टक्के सहभाग सर्वांनाच द्यावा लागतो. दुसरीकडे ‘आयुष्मान भारत’ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली तीच राज्याबाहेरही उपचार घेता येतील या रचनेवर, आणि तिच्यात रुग्णाच्या पत्त्यामुळे कपात होत नाही. त्या योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्याहून अधिक वयाच्या सर्वांना प्रवेश मिळाला. हे शिक्षक त्रेसष्ट वर्षांचे असल्याने तो मार्ग त्यांना नव्हता.

‘अपघात’ या शब्दाची परीक्षा

पॉलिसीच्या पुस्तिकेत झोनच्या कलमाखाली एक अपवाद दिलेला होता : अपघातामुळे दाखल व्हावे लागल्यास हा सहभाग लागू होणार नाही. मुलाचा सगळा युक्तिवाद या अपवादावर उभा होता. हृदयविकाराचा झटका अचानक आला, तो कोणी मागितला नव्हता, त्याची कोणाला कल्पना नव्हती. मग तो अपघात नाही तर काय, असे त्याने कंपनीला विचारले.

अपघाताची व्याख्या नियामकाने प्रमाणित करून दिलेली आहे आणि ती सर्व पॉलिसींत सारखीच छापलेली असते. अचानक, अनपेक्षित आणि अनैच्छिक अशी घटना, जी बाह्य, दृश्य आणि जोरदार आघाताच्या कारणाने घडली आहे, ती अपघात. मुलाने पहिली तीन विशेषणे बरोबर वाचली होती आणि तिन्ही झटक्याला लागू पडत होती. अडचण पुढच्या भागात होती. रक्तवाहिनीत साचलेला अडथळा हे शरीराच्या आतले कारण आहे, बाहेरचे नाही. रस्त्यावर गाडीने उडवले असते आणि त्याच रुग्णालयात त्याच रात्री आणले असते, तर वीस टक्के कपात झाली नसती. झटका आला म्हणून झाली. हे माणसाच्या न्यायबुद्धीला पटणे कठीण आहे आणि ‘आपत्कालीन दाखल’ असा व्यापक अपवाद ठेवणाऱ्या पॉलिसी अधिक शहाणपणाच्या आहेत असे माझे मत आहे. तथापि कराराचा अर्थ लावताना, ‘आपत्कालीन’ हा शब्द जिथे लिहिलेलाच नाही तिथे तो आहे असे मानता येत नाही. कंपनीने दोन आठवड्यांत याच मुद्द्यावर नकार कळवला आणि तो नकार चुकीचा नव्हता.

या ठिकाणी कुटुंबाने प्रकरण जवळजवळ सोडून दिले होते.

नकाराचे पत्र आल्यावर मुलाला आणखी एक भीती वाटत होती. वडील पाच महिने ठाण्यात राहत होते हे कंपनीला कळवलेले नव्हते. आपण जास्त ताणून धरले, तर ‘पत्ता लपवला’ म्हणून कंपनी पॉलिसीच रद्द करील, असे एका परिचिताने त्याला सांगितले होते. ही भीती अनाठायी होती. मुलाकडे मुक्कामाला येणे म्हणजे कायमचा पत्ता बदलणे नव्हे, हा एक भाग. दुसरे म्हणजे सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, ती २०२४ मध्ये पाच वर्षांवर आली. जून २०१९ ते जानेवारी २०२५ या काळात साठ महिने उलटून गेले होते. मुक्काम खरोखरच कायमचा झाला असता, तर तो नूतनीकरणाच्या वेळी कळवणे हे विमाधारकाचे काम होते, एवढे मात्र खरे.

खरी चूक दुसऱ्या ओळीत होती

मंजुरीपत्राबरोबर हिशेबाचे एक पान आले होते. त्यातील झोनच्या ओळीच्या वर ‘प्रमाणशीर कपात ९०,०००’ अशी नोंद होती. मुलाने ती पाहिली होती. पण तिचा संबंध त्याने खोलीच्या भाड्याशी जोडून सोडून दिला होता, कारण खोलीच्या बाबतीत आपली चूक झाली हे त्याला मान्य होते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये होती. रात्री दीड वाजता दाखल करून घेणाऱ्या खिडकीवर ‘शेअरिंग फुल्ल आहे, सिंगल देऊ का?’ असे विचारण्यात आले आणि त्याने ८,००० रुपयांच्या खोलीच्या कागदावर सही केली. अशा वेळी कोणताही मुलगा तेच करील.

मर्यादेहून महाग खोली घेतली की फक्त खोलीच्या भाड्यातील फरक कापला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचे दर, भेटीचे दर हे सगळे खोलीच्या दर्जानुसार चढत जातात आणि म्हणून कंपन्या तेही त्याच प्रमाणात कापतात. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. तेवढेच मान्य, उरलेले साडेसदतीस टक्के विमाधारकाच्या माथी. परंतु ही कात्री कशाला लावायची याला सीमा आहे. नियामकाने जून २०२० मध्ये स्पष्ट केले की औषधे आणि वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्यांचा खर्च हे ‘संलग्न वैद्यकीय खर्चा’त, म्हणजे खोलीच्या प्रमाणात कापायच्या खर्चात, धरता येणार नाहीत, अतिदक्षता विभागाच्या शुल्काला प्रमाणशीर कपात लागणार नाही, आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही तिथेही ती लागणार नाही. तेव्हापासून पॉलिसींच्या व्याख्यांमध्ये हा मजकूर आला. या शिक्षकांच्या पुस्तिकेतही तो होता, व्याख्यांच्या पानांत, बारीक अक्षरांत.

आता बिल पुन्हा मांडून पाहू. अतिदक्षता विभागाचे १०,०००, जे मर्यादेत होते. खोलीचे तीन दिवसांचे २४,०००. प्रक्रियेचे शुल्क, डॉक्टरांची फी आणि भेटी मिळून ९६,०००. दोन स्टेंटचे ७६,०००. औषधे आणि साहित्याचे ४२,०००. तपासण्यांचे २६,०००. शेवटी हातमोजे, नोंदणी अशा न मिळणाऱ्या किरकोळ बाबींचे ६,०००. संलग्न खर्च होता तो फक्त ९६,००० आणि त्याचे साडेसदतीस टक्के म्हणजे ३६,०००. कंपनीच्या पानावर मात्र ९०,००० कापलेले होते. वरचे ५४,००० कुठून आले हे शोधायला फार वेळ लागला नाही : स्टेंट, औषधे आणि तपासण्या यांची बेरीज १,४४,००० आणि तिचे साडेसदतीस टक्के बरोबर ५४,०००. ज्यांना कात्री लागायलाच नको होती त्या तिन्ही बाबींना ती लागली होती.

असे का घडले याचा अंदाज बिलावरून करता येतो. रुग्णालयाने दाव्यासाठी पाठवलेल्या सारांशात ‘अँजिओप्लास्टी पॅकेज’ अशी एकच मोठी रक्कम होती आणि तपासणाऱ्याने ती एकगठ्ठा प्रक्रिया-खर्च म्हणून धरली असावी. तपशीलवार बिलात मात्र स्टेंट वेगळे दाखवलेले होते, आणि ते तसे असणे बंधनकारकच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर पहिल्यांदा कमाल मर्यादा घातली, तेव्हाच रुग्णालयांनी स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे नमूद करावेत असे ठरवून दिले. फाइलच्या शेवटच्या पानावर दोन्ही स्टेंटच्या खोक्यांवरचे बारकोडचे चिकटपट्टीवजा लेबल डकवलेले होते. ते पान, तपशीलवार बिल आणि पुस्तिकेतील व्याख्येचे पान, एवढ्या तीन कागदांवर दुसरी तक्रार उभी राहिली.

तक्रार लिहिताना मुलाने आणखी एक गोष्ट पडताळली. रुग्णालयाचे दरपत्रक मागवून त्याने पाहिले की प्रक्रियेचे शुल्क खोलीच्या दर्जानुसार खरोखरच बदलते का. बदलत होते. म्हणून ३६,००० च्या कपातीवर त्याने वाद घातला नाही. मला हा या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण पहिल्या मेलमधला ‘सगळेच चुकीचे आहे’ हा सूर जाऊन दुसऱ्या पत्रात एकच मागणी, एकच आकडा आणि एकच कलम राहिले.

तो आकडा ५४,००० नव्हता, हे सांगणे आवश्यक आहे. बरोबर हिशेबाने मान्य रक्कम १,७५,००० वरून २,२९,००० वर जात होती. तिच्यावर झोनचा वीस टक्के सहभाग, म्हणजे ४५,८०० वजा केले की कंपनीचे देणे १,८३,२०० होते. आधी मिळालेले १,४०,००० वजा जाता ४३,२०० रुपये येणे बाकी होते. सहभाग नेहमी मान्य रकमेवर मोजला जातो, एकूण बिलावर नव्हे. त्यामुळे वरची एखादी कपात रद्द झाली की तिचे ऐंशी टक्केच हाती येतात. मुलाने ५४,००० मागितले असते, तर कंपनीने पुन्हा एकदा रास्त कारणाने नकाराचे पत्र पाठवले असते.

पुढची पायरी लागली नाही

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने मागणी मान्य केली आणि ४३,२०० रुपये खात्यात जमा झाले. तसे झाले नसते तर मार्ग विमा लोकपालांकडे जातो. २०१७ च्या नियमांनुसार कंपनीने नाकारल्यावर, किंवा तिने महिनाभर उत्तरच न दिल्यास, एका वर्षाच्या आत तिथे अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. त्याला ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. झोनच्या मुद्द्यावर मात्र तिथेही काही पदरात पडले असते असे मला वाटत नाही.

शेवटी कुटुंबाच्या खिशातून गेले ९६,८०० रुपये. त्यातले ६,००० कोणत्याही शहरात गेलेच असते. खोलीच्या निवडीमुळे गेले ते भाड्यातील फरकाचे ९,००० आणि प्रमाणशीर कपातीचे ३६,०००, मिळून ४५,०००. पत्त्यामुळे गेले ते ४५,८००. ज्या कारणावर महिनाभर संताप झाला आणि ज्या कारणाकडे कोणी वळूनही पाहिले नाही, त्या दोहोंचे वजन जवळजवळ सारखे भरले.

झोन बदलावा की नाही, हा प्रश्न त्यानंतर आला. नूतनीकरण जूनमध्ये होते. वर्षाला साडेचार हजार जास्त भरायचे आणि बदल्यात वरच्या झोनमधील वीस टक्के टाळायचे, असा सौदा होता. या एका दाव्यातला सहभाग भरून निघायला त्या फरकाची दहा वर्षांहून थोडी जास्त लागली असती. जो माणूस आयुष्यभर साताऱ्यातच उपचार घेणार आहे त्याला हा सौदा महाग आहे. पण साताऱ्याचा माणूस मोठ्या दुखण्याला पुण्याला जातो आणि मुलगा ठाण्यात असेल तर ठाण्याला येतो; साठी ओलांडलेल्या, नुकतेच दोन स्टेंट बसलेल्या माणसाच्या बाबतीत रुग्णालयात दाखल होण्याची पुढची वेळ दहा वर्षे दूर आहे असे धरणे धाडसाचे ठरेल. माझ्या हिशेबाने त्यांनी झोन बदलणे योग्य होते आणि त्यांनी तो बदलला. कंपनीने पत्ता साताऱ्याचाच ठेवून पहिल्या झोनचा हप्ता घेण्यास होकार दिला. ही सोय सर्व कंपन्या देतात असे नाही, म्हणून ती लेखी मागून घेण्यात आली.

खोलीभाड्याची मर्यादा काढून टाकायची तर कंपनीची दुसरी योजना घ्यावी लागत होती आणि हृदयविकाराची ताजी नोंद असलेल्या माणसाला वाढीव लाभांसाठी नव्याने प्रतीक्षा काळ, म्हणजे ते लाभ न मिळणारा ठरावीक काळ, लागला असता. तो विचार बाजूला ठेवला गेला. जूनच्या अखेरीस आलेल्या नव्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर झोन १ छापलेला आहे, आणि शिक्षकांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर शाईच्या पेनाने, फळ्यावर लिहावे तशा ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवले आहे : ‘खोली ५,००० पर्यंतचीच मागणे. नसल्यास तसे लेखी घेणे.’